भांडलेल्यांची जागा

"ती इकडं जेवणार असंल तर मी नाय जेवणार," किमनेई म्हणाली आणि भाताचं ताट तिनं उंबऱ्याबाहेर सरकवलं. मराठी ती शिकली होती स्वयंपाकीण शांतीमावशीकडून. त्यामुळे तिचा रागसुद्धा पेणच्या खारेपाटातला.

ती म्हणजे मेमचा. परवाच वसतिगृहात आलेली, अजून एक शब्द न बोललेली पोर. दोघी मणिपूरच्या. किमनेई डोंगरावरची, मेमचा खोऱ्यातली, आणि तिकडे डोंगर आणि खोरं एकमेकांच्या जिवावर उठलेले. मिशनचं ते वसतिगृह चालवणाऱ्या नमिताबाईंना वाटलं होतं, एकाच मुलखातल्या मुली, एकमेकींना धरून राहतील. गावही तेच म्हणालं. चेहरे सारखे दिसले की आपण नातं जुळवून मोकळे होतो.

किमनेईच्या बापाला खोऱ्यातल्या लोकांनी मारलं होतं. संध्याकाळच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की ती तोंड मिटून घ्यायची. नमिताबाई तीच ओळ अगदी ठणठणीत आवाजात म्हणायच्या. त्यांना काय जातं म्हणायला, त्यांचं काही जळलं नव्हतं.

मेमचा आल्यापासून किमनेई उपाशी होती. शेवटी बाईंनी मेमचाची पिशवी भरली. जीपने रोहा, तिथून रेल्वेने परत मदत छावणीत. छावणीत तिचं स्वतःचं असं कुणी उरलं नव्हतं, हे बाईंना ठाऊक होतं. जी पोर ओरडत नाही तिलाच उठवायचं, ही जगाची रीत, आणि प्रभूच्या घरातही शेवटी तीच चालली. बाईंना स्वतःची लाज वाटत होती. तरी त्यांनी ड्रायव्हर मिथुनला जीप काढायला सांगितलं.

तेवढ्यात बांधाकडून आरोळी आली. खांड पडली होती. उधाणाच्या भरतीनं खाडीचा बांध फोडला होता आणि खारं पाणी भातशेतीत घुसत होतं. एकदा खारं पाणी बसलं की तीन वर्षं त्या शेतात दाणा पिकत नाही, आणि वसतिगृह तर बांधाच्या पायथ्यालाच. मिथुन जीप सोडून पळाला. त्याच्या मागोमाग शांती, आणि शांतीच्या मागोमाग सगळ्या मुली.

बांधावर म्हातारे हैबतराव माणसं उभी करत होते. शेतातला चिखल कापायचा आणि त्याचे गोळे हातोहात खांडीपर्यंत पोचवायचे. माणसं लावायची या गावाची एक रीत आहे. ज्यांचं पटत नाही त्यांना शेजारी उभं करायचं. पटणारी माणसं गप्पा मारतात आणि गोळा अडतो. भांडलेली माणसं तोंड उघडत नाहीत, आणि आधी मी दमलो हे दोघांतला एकही कबूल करत नाही. हैबतराव आणि त्यांचा चुलतभाऊ रघू यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, म्हणून खांडीच्या तोंडाशी कायम तेच दोघे.

"ह्या पोरींचं कसं काय?" किमनेई आणि मेमचाकडं बोट करून हैबतरावांनी विचारलं.

"ही तिचं तोंड बघत नाय," शांती म्हणाली.

"मग लावा जवळजवळ."

नमिताबाई पिशवी हातात घेऊनच धावत आल्या. "हैबतराव, नको. यांचं भांडण बांधाचं नाही. माणसं मेलीत त्यात."

"तेवढ्यासाठी पाणी थांबंल का, बाई?"

दोघींना शेजारी उभं केलं गेलं. किमनेई गोळे देत नव्हती, मेमचाच्या छातीवर मारत होती. मेमचा झेलत होती, पुढे देत होती. बांध निसरडा झाला होता आणि दोन हातांवर पाणी नुसतं घुसळत होतं. एक धक्का पुरला असता. बाईंना ते दिसत होतं. किमनेईलाही दिसत होतं. तिनं दोनदा पाण्याकडं पाहिलं.

"मारायचं तर मार," मेमचा अचानक स्वतःच्या, खोऱ्यातल्या भाषेत म्हणाली, "पण नीट मार. गोळा निसटतो."

ती भाषा किमनेईला येत होती. तिकडचा बाजार त्याच भाषेत चालायचा. इतक्या दिवसांनी ती कानावर पडली आणि तिच्या तोंडूनही तीच निघाली.

"तुमच्या लोकांनी माझ्या बाबाला मारलं," ती म्हणाली.

मेमचानं गोळा घेतला, पुढे दिला.

"तुमच्या लोकांनी आमचं घर जाळलं. आजी आत होती."

पुढचा गोळा किमनेईच्या हातात तसाच राहिला. आपल्या माणसांनी कुणाचं घर जाळलं असेल, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही कधी विचारलं नव्हतं. ती त्या बारक्या पोरीकडं बघत राहिली आणि तिला फार वाईट वाटलं.

"पळता नाही आलं तिला?"

"गुडघे दुखायचे."

किमनेईनं गोळा तिच्या ओंजळीत ठेवला. मग आजीचं नाव विचारलं. मेमचानं सांगितलं, आणि तुझा बाबा काय करायचा म्हणून विचारलं.

बाईंना भाषा कळत नव्हती. त्यांना फक्त हलणारी तोंडं दिसली. आता भडका उडणार. "मेमचा, चल," त्यांनी हाक मारली, "जीप उभी आहे."

पण हैबतरावांची नजर त्यांच्याआधी तिकडं गेली होती. गोळे अडले होते.

"त्या पोरी बोलाय लागल्या रे," ते वैतागून म्हणाले. "काढा एकीला तिकडनं."

किमनेईनं मेमचाचं मनगट घट्ट धरलं. एकदा हैबतरावांकडं पाहिलं, एकदा बाईंच्या हातातल्या पिशवीकडं.

"नाय काका, आमचं भांडण हाय अजून," ती म्हणाली. "हिला माझ्या बाजूलाच ऱ्हाऊ द्या."