टाचांचं मलम

"टॉर्चचं झाकण फिरेल तर शपथ! वहिनी, लावा बघू तुमचं मलम," धाकटा दीर कुरकुरला. उद्या पाण्याखालच्या बोगद्यात त्याची पहिलीच बुडी होती, मेलेल्या भावाच्या जागेवर. "थोरल्याच्या टॉर्चलाही हीच लावून द्यायची," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. टाचांच्या भेगांचं मलम फळीवरच होतं. टाकून दिलं असतं तर कुणीतरी कारण विचारलं असतं. वहिनीनं झाकणातली रबरी रिंग तळहातावर घेतली. सहा महिन्यांपूर्वी त्याच बोगद्यात टॉर्च विझली आणि नवऱ्याला बाहेर यायची वाट सापडली नाही. सेल संपले असतील, असं घरानं ठरवलं. दुरुस्तीवाल्यानं मात्र फुगून ढिली पडलेली रिंग तिला दाखवली होती: "ताई, रबराला सिलिकॉन ग्रीसच चालतं." दीरानं डबी उघडून पुढे केली. "भावजी, हे नको. यानं रबर फुगतं, पाणी आत शिरतं. ह्यांच्या टॉर्चला मीच लावलं होतं."