तापलेला बंक

युद्धकाळातल्या त्या जर्मन पाणबुडीत दोघा खलाशांमागे झोपायला एकच बंक असे. एक पहाऱ्यावर गेला की दुसरा त्याच्याच उबेत आडवा व्हायचा. एकहार्टचा जोडीदार फोल्कमार मंगळवारी डेकवरून लाटेबरोबर वाहून गेला. तेव्हापासून बंक एकट्या एकहार्टचा होता.

तरीही पहाऱ्यावरून परतल्यावर त्याला अंथरूण गरम लागायचं.

"इंजिनाची ऊब असेल," स्वयंपाकी हेनिंग म्हणाला. "फुकट मिळतेय, घे की."

शुक्रवारी उशीही ओली होती. एकहार्टने तिच्यावर बोट टेकवून जिभेला लावून पाहिलं. खारट.

शनिवारी तो तापाने फणफणला आणि बंकमध्येच पडून राहिला. पाळी बदलायची वेळ झाली, तसा पडदा बाजूला सरकला.

"ऊठ की लेका," फोल्कमारचा थकलेला आवाज आला. "आज चांगला तापवून ठेवलायस."