अस्सल रस्सा

आम्ही कॅनडातल्या क्युबेकची माणसं. सेंट-जाँच्या सणाला घरी पुटीन, म्हणजे रस्सा ओतलेले तळलेले बटाटे, असतं, आणि पुटीन म्हटलं की माझी नणंद ह्युगेत परीक्षक होऊन येते. स्वतः आयुष्यात कधी बटाटा सोलला नाही, पण अस्सल काय नि नकली काय, हे ती साऱ्या गावाला शिकवते.

यंदा चुलीपाशी माझी नवी सून मिर्लांद होती, हैतीची पोर. तिनं बटाटे तळले, त्यावर सकाळचं ताजं चीज टाकलं, आणि रश्शासाठी पहाटेपासून हाडं उकळून त्यात लवंग-मिरची घातली. हात भाजला तरी पळी खाली ठेवली नाही. पहिल्याच सणाला सगळ्यांनी आपली म्हणावं, एवढीच आस.

ह्युगेतनं एक घास खाल्ला नि ताटली सरकवली.

"वहिनी, ह्याला पुटीन म्हणायचं? रस्सा खावा तर माझ्या आईच्या हातचा! ती चव रक्तात असावी लागते, परक्या पोरींना नाही जमायची."

टेबलाभोवतीच्या नंदीबैलांनी माना डोलावल्या. मिर्लांद उठून आत गेली. मी मागोमाग गेले.

"रडतेस कशाला त्या भवानीपायी? सासूबाई होत्या तोवर त्यांच्या हाताखाली मीच राबले. त्यांची चव तुला आत्ता देते, थांब."



मग फडताळातून बाजारच्या तयार रश्शाचा पत्र्याचा डबा काढला आणि ओपनरसकट तिच्या हातात ठेवला.