स्वागत कमान

जुन्या जालन्यातल्या त्या गल्लीत अजून नळ आला नव्हता. "आधी काय पाहिजे ते सांगा, तेच करू," असं नगरसेवक केदारभाऊ वॉर्डाच्या सभेत म्हणाले, तेव्हा बेबीनंदाबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. "नळ द्या, भाऊ. टँकरमागं पळणं आता मह्याच्यानं होत न्हाई." बायांनी टाळ्या वाजवल्या, आणि भाऊंनी पाईपलाईनचा निधी तिथल्या तिथं जाहीर केला.

पण पाईप यायच्या आधी गल्लीच्या तोंडाशी रंगीत दिव्यांची स्वागत कमान उभी राहिली. उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी पाण्याचा टँकर आला, तो कमानीपाशीच अडला. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढून वर पाहिलं. "मावशी, गाडी खालून जात न्हाई. हंडे इकडंच आणा."

रस्त्यावरून दारापर्यंत हंडे वाहता वाहता बेबीनंदाबाई एकदा घसरून पडल्या. सुजलेला पाय ओढत, सून पायलच्या आधारानं त्या भाऊंच्या ऑफिसात गेल्या आणि मनात साठलेलं सगळं बोलल्या.  शेवटी भाऊ हात जोडून म्हणाले, "बराबर हाय मावशी, चुकलंच आमचं."

पुढच्या आठवड्यात भाऊ स्वतः पेढे घेऊन दारात हजर झाले.



"मावशी, तुमचं काम पहिल्या नंबरला घेतलं! पाईपलाईनचा सगळा निधी वळवला, अन् कमान उंच करून राह्यलो."