व्होल्गाचा पिकअप

कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले आणि वडिलांच्या जुन्या व्होल्गा गाडीचा पिकअप जरासा सुधारला. एर्मेक आईला शेजारी बसवून ऐटीत नारीन शहराच्या रस्त्याला लागला.

कब्रस्तान आलं. इथं वडील न चुकता वेग कमी करून, मेलेल्यांसाठी दुवा मागून तोंडावरून हात फिरवत. गेल्या हिवाळ्यापासून तेही इथंच होते.

"पेडलवरचा पाय काढ रे," आई म्हणाली. "दुवा माग."

"पुढं चढ आहे, आई. आत्ता कुठं गाडी ओढायला लागलीय!"

त्याच्या बुटाखालचं पेडल हळूच वर आलं. त्यानं दाबलं, तर ते खालून रेटू लागलं. मग त्याचे दोन्ही हात आपसूक स्टिअरिंग सोडून तोंडावर गेले.

मिटल्या डोळ्यांनीच त्याला कळलं, गाडीनं वळण अचूक घेतलं.

तो हात काढणार, तोच आई कुजबुजली, "थांब. गाडी चालवताना कुणी लुडबुडलेलं त्यांना खपत नाही."