कुम्हारीची बस

बाळ निजलं तेवढ्यात खुशबूने कविता लिहिली आणि भिलाईच्या मराठी ग्रुपवर टाकण्याआधी ग्रुपच्या ॲडमिन बेबीताईंना एकट्यांना पाठवली. त्यांचा लगेच फोन आला, "एकदम मस्त जमली वं! फक्त थे शेवटची ओळ काढ. लोकं काईबी बोलतीन तुले." खुशबूने ती ओळ काढली आणि कविता टाकली.

दुपारी 'स्पष्टवक्ता' नावाच्या कुणीतरी खाली लिहिलं, "पाळण्यातलं पोर सोडून कुम्हारीच्या बसमध्ये जाऊन बसावं वाटते म्हणे! अशी बाई आई कायची?" त्यावर हसरे चेहरे पडत गेले.

बेबीताईंनी तिथेच दटावलं, "ग्रुपवर सभ्यपणे बोला." मग खुशबूला फोन केला, "कावून रडून राहिली, पोरी? मी आहो ना तुह्या पाठीशी."

बाळाने झोपेतही तिचं बोट घट्ट धरलं होतं. दुसऱ्या हाताने डोळे पुसून तिने ग्रुपवरची आपली कविता पुन्हा वाचली.


कवितेत बस कुठेच नव्हती. ती बेबीताईंनी काढायला लावलेल्या ओळीत होती.