पोट भरलेले कावळे

कावळा शिवला. पण तो अजून शिवलेला नाही असं धरून चालू, कारण कळंबच्या नदीकाठी पिंडाभोवती उभ्या असलेल्या माणसांना ते माहीत नाही आणि ऊन चढलंय.

नामाआबांचा दहावा होता. पिंडाचा भात वाळत चालला होता. कावळे लांब नव्हते. वळणापलीकडून, शाळेच्या मागून त्यांची कावकाव ऐकू येत होती. इकडं एकही फिरकत नव्हता.

मुलगा देवेश हात जोडून उभा होता. तो तालुक्याच्या कचेरीत कारकून. हात जोडावेत आणि समोरच्यानं लक्षच देऊ नये, हा प्रकार त्याच्या ओळखीचा होता, पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं. खिशातला फोन सारखा थरथरत होता. तो काढून बघायचा आणि कापायचा.

"इच्छा राहिली असंल काय तरी," शेजारचा सखा म्हणाला. "तंबाखू कबूल कर."

देवेशनं तंबाखू कबूल केली. मग दारातला आंबा तोडणार नाही म्हणाला. मग चुलत्याशी बोलायला लागीन म्हणाला. चुलता मागंच उभा होता, त्यानं तोंड फिरवलं. कावळ्यानंही.

"दर्भाचा कावळा करून शिवूया," गुरुजी म्हणाले. त्यांना पुढं खालापुरात अजून एक दहावा होता.

"नको," आबांची बायको इंदूबाई म्हणाली. "त्यांनी जन्मात डुप्लिकेट घेतलं नाय."

देवेशच्या मुलीला, रुचिताला, सगळ्यांपासून लांब उभं केलं होतं. तिच्या हातांना सुकटीचा वास येत होता. दहाव्याच्या दिवशी, घरात सुकट शिजलेली नसताना. कुठून आला हे विचारायला कुणाला सवड नव्हती. उन्हाळाभर ती आणि आबा एकच उद्योग करत होते. करवंट्यांना भोकं पाडून सुतळी ओवायची, नाचणी-गुळाचे लाडू वळायचे, त्यात सुकट चुरायची, आणि शाळेमागच्या झाडांना टांगायचं. गावातली निम्मी पोरं हाताखाली असायची. नाव पाखरांचं होतं, खायचे कावळे. चिमण्यांनी तक्रार केली असेल, पण तशी नोंद नाही.

"आता एकच राहिलं रं," सखा हळूच म्हणाला.

ते सगळ्यांनाच माहीत होतं. शेवटचा महिनाभर आबा एकच बोलत होते, इंदूला घरातनं हलवू नको. देवेशला आईला पनवेलच्या वृद्धाश्रमात ठेवायचं होतं. तिथं लिफ्ट आहे, असं तो सांगायचा. इंदूबाई आयुष्यात ओट्यापेक्षा उंच चढली नव्हती.

फोन परत थरथरला. देवेशनं कापला. घसा साफ केला.

"आई हितंच राहील, आबा. आपल्या घरात. शेवटपर्यंत."

इंदूबाईनं त्याच्याकडं बघितलं. आबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडली.

रुचिता पळत सुटली. वळणाआड गेली. थोड्या वेळानं तिकडची कावकाव एकदम वाढली, भांडणासारखी, आणि मग नदीवर काळं छप्पर आलं. एक कावळा नाही, सगळे. पिंड दिसेना.

माणसांनी हात जोडले. सखानं डोळे पुसले. गुरुजी सामान भरायला लागले. रुचिता धापा टाकत परत आली. गळ्यात सुतळ्या, सुतळ्यांना रिकाम्या करवंट्या.

"हे काय गं?" देवेशनं विचारलं.

"आबांनी सांगितलेलं. दहाव्याला सकाळीच करवंट्या गच्च भर. आजी हितंच राहील असं तुझा बाप बोलला, की उतरवून नदीत पालथ्या कर. मधी तंबाखू-बिंबाखू कबूल करंल. हलायचं नाय."

सखा आधी हसला. मग सगळेच. इंदूबाईसुद्धा, डोळ्यांना पदर लावून.

देवेशला हसू आलं नाही. घर त्याच्याच नावावर होतं. आबा दवाखान्यात असतानाच त्यानं ते रिसॉर्टवाल्याला विकलं होतं. सकाळपासून त्याचाच फोन येत होता. ताबा उद्या द्यायचा होता.

तो पिंडाकडं वळला. पिंड नव्हता, पत्रावळ होती. त्यानं हात जोडले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, जी भाषा त्याला खात्रीनं येत होती त्याच भाषेत म्हणाला,

"मयतास नम्र विनंती की, सदर कावळा शिवलाच नसल्याचे ग्राह्य धरण्यात यावे."